पायमार्ग, सव्वाआठ फूट

आमच्या ऑफिसात सध्या वेस्ट हायलँड वेची साथ आलेली आहे. एक जण लंडनच्या क्लायंटकडे गेला होता, त्याने जोडून रजा टाकली, चालून आला, फोटो दाखवले. झालं! आता कँटीनमध्ये चार टेबलांवर व्हिसा, वॉटरप्रूफ बूट आणि मिज नावाची तिथली चावरी चिलटं यांच्यावर चर्चा चालू असते. ग्लासगोजवळच्या मल्गायपासून (स्पेलिंग वाचून कुणाच्या बापाला हा उच्चार सुचणार नाही) फोर्ट विल्यमपर्यंत १५४ किलोमीटर. आधी लोमंड सरोवराचा काठ, मग रॅनॉक मूर नावाचं दलदलीचं ओसाड पठार, मग ग्लेनको, आणि शेवटी बेन नेविसचा पायथा. ग्लेन म्हणजे डोंगरांमधली लांबट दरी, आणि मूर म्हणजे झाड नसलेला, हेदर नावाच्या झुडपाने झाकलेला माळ. फोटो खरंच सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही.

पण मंडळी, फोटोत जे येत नाही त्याबद्दल मला आज लिहायचंय. ऑनसाईट असताना मी या वाटेचा दोन दिवसांचा तुकडा चाललोय, आणि मला तिथे डोंगरापेक्षा फाटकाचं जास्त आश्चर्य वाटलं. उंचीचंच म्हणाल तर बेन नेविस १३४५ मीटर आणि आपलं कळसूबाई १६४६. त्यामुळे उंचीने आपण काही दिपून जायचं कारण नाही. फाटकाची गोष्ट वेगळी. वाट एखाद्याच्या मेंढ्यांच्या कुरणात शिरते, तिथे लाकडी फाटक असतं, त्याला कुलूप नसतं. तुम्ही ते उघडायचं, आत जायचं, मागे बंद करायचं आणि चालू पडायचं. मालक समोर उभा असला तरी तो हात करतो आणि आपल्या कामाला लागतो. कुठे चाललात, कुणी परवानगी दिली, एंट्री फी भरली का, असं काही नाही.

हे त्यांच्या सभ्यपणामुळे होतं असं आपल्याकडचे लोक परत येऊन सांगतात. सभ्यपणा असेलही, पण मुळात तो कायदा आहे. स्कॉटलंडच्या संसदेने २००३ मध्ये जमीन सुधारणा कायदा केला. त्याचा पहिला भाग २००५ च्या फेब्रुवारीत लागू झाला आणि तेव्हापासून जवळजवळ सगळ्या जमिनीवरून कुणालाही जबाबदारीने चालत जायचा हक्क आहे. मालक राजा असो की बँक. घराच्या आवारात शिरायचं नाही, उभ्या पिकातून जायचं नाही (बांधावरून मात्र जाता येतं), गाडी आणायची नाही. बास.

आणि हा कायदा कुणी आयता आणून दिलेला नाही. एडिंबरामध्ये १८४५ साली लोकांनी वाटांच्या रक्षणासाठी एक संस्था काढली, ती आजही स्कॉटवेज नावाने चालू आहे. १८४७ मध्ये बाल्फर नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन ग्लेन टिल्टमधून येत होते, तर अॅथॉलच्या ड्यूकने आपली माणसं घेऊन त्यांना अडवलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि वाट खुली राहिली. पुढे १८८० च्या दशकात जॉक्स रोड नावाच्या डोंगरवाटेवरून असाच खटला उभा राहिला. ऑस्ट्रेलियात पैसा करून आलेल्या एका जमीनदाराने वाट बंद केली होती. खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८८८ मध्ये निकाल वाटेच्या बाजूने लागला. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे साक्षी कुणाच्या झाल्या? मेंढपाळांच्या. आम्ही वर्षानुवर्षं याच वाटेने मेंढरं बाजाराला नेत आलोय, असं त्यांनी सांगितलं आणि ती वाट सार्वजनिक ठरली. कागद नव्हताच, पाय होते.

आता इथून उडी मारून थेट यवतमाळला येतो. लोहारा हे नाव तुम्ही ऐकलं असण्याची शक्यता कमी. यवतमाळकरांना विचारलं तर दारव्हा रोड आणि एमआयडीसी आठवेल. पण या गावाचा इतिहास मोठा मजेशीर आहे. ऐन-ए-अकबरीत यवतमाळची नोंद 'योत-लोहारा' अशी आहे, म्हणजे परगण्याच्या नावात यवतमाळच्या जोडीला लोहारा होतं. योत हे येवत्याचं बदललेलं रूप, आणि पुढे चिकटलेला 'मळ' हा महालचा अपभ्रंश, असं इंग्रजांच्या गॅझेटियरात दिलंय. त्यातच लोहारा कुठे आहे तर यवतमाळच्या पश्चिमेला तीन मैल, असंही दिलंय. तीन मैल म्हणजे पाचेक किलोमीटर. एका परगण्याच्या नावातली दोन गावं एकमेकांपासून चालत तासाभराच्या अंतरावर. चारशे वर्षांपूर्वी हे अंतर लोक कसं कापत असतील हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

हा सगळा भाग वऱ्हाडातल्या बालाघाटाचा, म्हणजे पयानघाटाच्या सपाटीवरून वर चढलेलं पठार. सह्याद्रीसारखे कडे इथे नाहीत. बसकी, सपाट माथ्याची टेकाडं, उतारावर साग, मोहा, पळस, तेंदू, खाली काळ्या मातीची वावरं आणि मधून नाला. नोव्हेंबर सरता सरता सकाळी बाहेर पडलात तर धुकं, फुटलेला कापूस, पिवळी तूर. आमच्या कँटीनमधल्या ट्रेकर मंडळींना हे फोटो दाखवले तर ते विचारतील, ह्यात ट्रेक कुठाय? मुद्दा तोच आहे. मूरवर तरी काय असतं हो? ओलं गवत आणि पाऊस. पण त्यातून एक वाट जाते, तिला नाव आहे, ती नकाशावर आहे, आणि ती तोडायची कुणाची हिंमत नाही. म्हणून लोक विमानाचं तिकीट काढून तिथे जातात.

आणि गंमत अशी की नकाशावर आपलीही वाट आहे. तुमच्या आजोळच्या गावचा गाव नकाशा कधी पाहिलाय का? भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात गट नंबरांच्या जाळ्यातून तुटक रेघा गेलेल्या असतात. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. सव्वाआठ फूट! वेस्ट हायलँड वे बऱ्याच ठिकाणी त्याच्या निम्म्यानेसुद्धा रुंद नाही. म्हणजे ब्रिटिश मोजणीदारांनी साखळ्या टाकून आपल्या प्रत्येक गावाच्या पायवाटा कागदावर उतरवून ठेवल्यात, आणि आपण मात्र ट्रेल बघायला ब्रिटनला जातोय. :)

कागदावरची रेघ वावरात दिसते का, हा पुढचा प्रश्न, आणि उत्तर तुम्हाला माहीत आहे. पायमार्ग एका दिवसात मरत नाही. दर मृगाला नांगर एक तास पुढे सरकतो. धुरा कोरला जातो. पाच-दहा वर्षांत सव्वाआठ फुटांचे तीन होतात, मग एक होतो, मग तूर पेरली जाते. शहराजवळच्या गावात आणखी सोपं, ले-आऊट पडतो आणि तुटक रेघेवर प्लॉट नंबर सतरा उभा राहतो. लोहाऱ्यासारखी शहराला चिकटलेली गावं यात सगळ्यात आधी जातात.

कायदा आपल्याकडे नाही असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, त्याचं कलम १४३ : शेतात जायला दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता हवा असेल तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. त्याहून जुना १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम, त्यात अडवलेली वहिवाटीची वाट मोकळी करून मागता येते. शिवाय २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आहे, तिच्यातून पांदण रस्त्यांवर माती-मुरूम पडतो. चांगली गोष्ट आहे. पावसाळ्यात काळ्या मातीतून बैलबंडी काढून पाहिलेला माणूस या योजनेला नावं ठेवणार नाही.

पण नीट वाचलं तर या सगळ्याचा रोख एकच आहे : ज्याचं वावर आहे त्याला वावरापर्यंत पोचता आलं पाहिजे. ट्रॅक्टर गेला पाहिजे, माल निघाला पाहिजे. ज्याचं वावरच नाही आणि जो नुसता चालतोय, त्याचा विचार यात नाही. हा 'नुसता चालणारा' म्हणजे डेकॅथलॉनची बॅग लावलेला मी नव्हे. माझं काय, मी नाही चाललो तर कुणाचं काही अडत नाही. चालणारी आहे ती वेचणीला जाणारी बाई. या गावातून त्या गावात कापूस वेचायला, सोयाबीन सोंगायला निघालेल्या बायका. पायमार्ग मोडला की त्यांना डांबरी रस्त्याने वळसा पडतो, नाहीतर ऑटोत दाटीवाटीने पंधरा जणींनी बसून जायचं, आणि त्याचं भाडं त्या दिवसाच्या मजुरीतून. वाट अडली म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करायला त्यांच्या नावाचा सातबारा लागतो, तो कुठून आणणार?

जॉक्स रोडचे मेंढपाळही जमिनीचे मालक नव्हतेच. आणि आपल्याकडेही तसे साक्षीदार आहेत. यवतमाळ जिल्हा बंजारा समाजाचा. रेल्वे येण्याआधी मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून मुलुखभर नेणारे ते हेच लोक, आणि त्यांचे बैलांचे तांडे ज्या वाटांनी गेले त्या वाटा म्हणजे आपले ड्रोव्ह रोड. स्कॉटलंडमध्ये हायलँडची गुरं फॉल्कर्कच्या बाजाराला ज्या वाटांनी जायची त्यांना ड्रोव्ह रोड म्हणतात. आगगाडी आली, तो धंदा बसला, पण वाटा राहिल्या आणि आज वेस्ट हायलँड वेचे काही तुकडे त्यांच्यावरूनच जातात. आपल्याकडे आगगाडी आली, धंदा बसला आणि वाटाही गेल्या. तांडा हा शब्द तेवढा गावांच्या नावात उरला.

आगगाडीवरून आठवलं. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला, अडीच फुटी रुळांची, ११३ किलोमीटर. गेली काही वर्षं बंद आहे आणि तिचं ब्रॉडगेज व्हावं म्हणून लोक लढतायत. ते व्हावंच. पण जिथे म्हणून जुनी पट्टी नव्या मार्गात येणार नाही आणि मोकळी पडेल, तिथे ती प्लॉटवाल्यांच्या घशात जाण्याआधी कुणीतरी चालणाऱ्यांचं नाव घ्यावं एवढंच म्हणतो. स्पे नदीच्या काठाने जाणारा स्पेसाइड वे असाच बऱ्याच ठिकाणी बंद पडलेल्या रेल्वेच्या पट्टीवरून जातो. सपाट, चढ नाही, म्हाताऱ्यांनाही चालता येईल असा.

आता दुसरी बाजू, कारण हे वाचून कुणीतरी लगेच म्हणणार की मग आपल्याकडेही स्कॉटलंडचा कायदा आणा. मी म्हणतो, आणू नका. निदान आहे तसा तर नकोच.

पहिलं म्हणजे स्कॉटलंडच्या त्या रिकाम्या दऱ्या निसर्गाने रिकाम्या ठेवलेल्या नाहीत. तिथे गावं होती. स्ट्राथनेव्हरमध्ये १८१४ आणि १८१९ साली घरं जाळून कुळांना हाकलून दिलं, कारण जमीनदारांना मेंढ्यांत जास्त पैसा दिसला. असं हायलँडभर अनेक दशकं चाललं. फोटोतली ती शांतता, तिच्यात पडक्या भिंती दिसतात, त्या कुणाच्या तरी चुलीजवळच्या आहेत. आज तिथे हजारो एकरांचा एकेक मालक असतो. त्यामुळे 'मला तुझ्या जमिनीवरून चालू दे' हे तिथे एका माणसाने एका बड्या इस्टेटीला म्हणणं आहे.

लोहाऱ्याच्या शिवारात हेच वाक्य मी कुणाला म्हणणार? चार एकरवाल्याला. ज्या जिल्ह्याचं नाव पेपरात शेतकरी आत्महत्यांच्या बातमीत येतं, तिथल्या माणसाच्या कापसातून मला हौसेने फिरायचा हक्क हवाय, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि त्याला माझा संशय येतो तोही बरोबरच असतो. मोबाईल हातात धरून धुऱ्याने चालणारा शहरी माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, "मोजणीवाले हाय का भाऊ तुम्ही?" कारण गेल्या वीस वर्षांत असा माणूस आला तो एकतर रस्त्यासाठी जमीन घ्यायला नाहीतर प्लॉट पाडायला. नुसतं चालायला आलोय म्हटलं तर तो आपल्याकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेला माझ्याकडे अजून चांगलं उत्तर नाही. पण पायमार्गाचं नाव काढलं की सूर बदलतो. "आमचा बुढा याच रस्त्यानं यवतमाळच्या बाजारले जाये," असं सुरू होतं आणि मग पुढचा अर्धा तास चहा. वाट त्याच्याही आठवणीत असते. ती मोडलेली त्यालाही नको असते, फक्त शेजाऱ्याने आधी मागे सरकावं असं त्याचं म्हणणं असतं. (शेजाऱ्याचंही तेच म्हणणं असतं.)

दुसरं कारण चार पायांचं आहे. स्कॉटलंडमध्ये माणसाला खाईल असं जंगलात काही उरलेलं नाही, लांडगेसुद्धा त्यांनी काही शतकांपूर्वीच संपवले. आमच्या जिल्ह्यात टिपेश्वर आहे. राळेगावकडची टी-१ वाघीण, जिला पेपरवाले अवनी म्हणत, तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता आणि २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घातली गेली. ती बरोबर होती की चूक यावर पुण्या-मुंबईत भरपूर मेणबत्त्या जळाल्या. पण त्या काळात त्या भागातली माणसं वावरात जायला घाबरत होती, त्यांच्यापुढे राइट टू रोमचं कौतुक सांगायला जाऊ नये. जंगलात पायी फिरायला बंदी आहे ती राहू दे. अभयारण्याच्या बाहेर, वावरांच्या मधून, दोन गावांना जोडणारी वाट, माझं म्हणणं तेवढ्यापुरतंच आहे.

तरीही सांगितल्याशिवाय राहवत नाही : यवतमाळ जिल्ह्यातला सगळ्यात मोठा ट्रेकर एक वाघच आहे. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या एका नर वाघाच्या गळ्यात २०१९ मध्ये रेडिओ कॉलर होती. तो घर सोडून निघाला, तेलंगणात डोकावून आला, आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळं मिळून तीन हजार किलोमीटरच्या वर. लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं. वेस्ट हायलँड वेच्या जवळपास वीसपट, तोही बुटांशिवाय.

मग मागणं काय? माझं मागणं अगदी छोटं आहे. चालायला नवा हक्क नको, जुनी रेघ हवी. गाव नकाशावर जो पायमार्ग आहे तो कुणालाही चालायला खुला आहे असं एका ओळीत लिहून टाका : सातबारा असो नसो, बाई असो बाप्या असो, गावचा असो परका असो. आणि तो अडवला तर तक्रार करायला शेत नावावर असण्याची अट नको. पांदण रस्त्याचं काम निघतं तेव्हा पायमार्गाचीही मोजणी करा, दगड पुरा. त्यावर मुरूम टाकू नका. मुरूम पडला की गाडी येते, गाडी आली की चालणारा पुन्हा बाजूला.

काही जण म्हणतील, आपल्याकडे कोण चालतं आता? अहो, शेगावहून गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून पंढरपूरला पायी जाते, ते अंतर वेस्ट हायलँड वेच्या चौपटीहून जास्त आहे. विनोबा १९५१ मध्ये पवनारहून निघाले ते तेलंगणात शिवरामपल्लीपर्यंत पायीच गेले, आणि भूदान त्या चालण्यातून निघालं. चालणं आपल्याला शिकवायला नको. चालणाऱ्याला डांबराच्या कडेला ट्रकच्या हॉर्नखाली ढकललंय, तेवढं परत आत आणायचंय.

सरकार करेल तेव्हा करेल. आपण जे आत्ता करू शकतो ते आपल्याच धंद्यातलं आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या गावाकडच्या पायवाटा जवळजवळ नाहीतच. दिवाळीला गावी जाताच ना? गाव नकाशाची प्रत काढा, म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या, जीपीएस चालू ठेवून ती वाट एकदा चाला आणि नकाशावर चढवा. जिथे मोडली आहे तिथे मोडली अशी खूण करा. कोर्टात याला किती वजन येईल ते वकील सांगतील, पण जॉक्स रोडला मेंढपाळांच्या तोंडी साक्षीला आलं होतं. आणि जे म्हातारे अशी साक्ष देऊ शकतात ते फार दिवस थांबणार नाहीयेत.

मी यवतमाळ ते लोहारा हा तुकडा येत्या डिसेंबरात करणार आहे, जिथे वाट शिल्लक असेल तिथे वाटेने, नसेल तिथे दारव्हा रोडच्या कडेने. कुणाला यायचं असेल तर कळवा. त्याच्या आधी नको, काळी माती ओली असली की बुटाला किलो-किलोचे गोळे चिकटतात आणि दोन फर्लांगात माणूस थकतो. सकाळी सहाला निघू, नऊच्या आत ऊन चढतं. पाणी दोन लिटर. धुऱ्यावर विळे-डबे ठेवलेले असतात त्यावर पाय देऊ नका, आणि फुटलेल्या कापसाला हात लावू नका, फोटोसाठीसुद्धा नाही.